दाराकडे पाहणारी तसबीर

“आता गुरू,” पडद्यावरचे गुरुजी म्हणाले. “नाव आणि गोत्र सांगा.”

कुणीच बोलले नाही.

दीनानाथांच्या उजव्या तळहातावर काळे तीळ होते आणि तिळांवर पळीभर पाणी. अंगठ्याच्या मुळाशी ते जमून राहिले होते. हात किंचित कलला असता, तर ते खालच्या ताम्हनात पडले असते. हात कलत नव्हता. पुण्यातले गुरुजी थांबून राहिले. सर्वपित्री अमावास्येला त्यांच्यापुढे एकामागून एक देश उघडत आणि मिटत; अशा शांततेचा अर्थ बहुधा इंटरनेट अडकले, एवढाच असे.

लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या लहानशा चौकटीत दीनानाथांना स्वतःचा उघडा, वाळलेला खांदा दिसत होता. त्यामागे खुर्चीत बसलेली रेखा दिसत होती, त्यांची धाकटी बहीण. तिच्याही मागे भिंत होती. भिंतीवर चार तसबिरी होत्या आणि चारींना चंदनाचे हार होते.

चौथा हार तिथे असायला नको होता.

तो कस्तुरीने घातला होता. कस्तुरी ही रेखाची सून. लग्नानंतर पुण्याहून आलेली, इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या एका आयटी कंपनीत नोकरी करणारी. सकाळी मेडनहेडहून सासूला घेऊन ती ब्रिस्टलला पोचली, तेव्हा दीनानाथ आंघोळीला गेले होते. रेखा सरळ स्वयंपाकघरात शिरली. कस्तुरीने पिशवीतून पुण्याचे हार काढले आणि बैठकीच्या भिंतीवरच्या तसबिरींना एकेक घालत गेली. पहिली रेखाच्या वडिलांची, दुसरी आईची, तिसरी दीनानाथांच्या पत्नीची, सुचेतामामींची. त्यांच्या शेजारी, त्याच उंचीवर, गळाबंद कोटातले एक आफ्रिकन गृहस्थ होते. रुंद कपाळ, आखूड मिशा, डोळ्यांच्या कडेला साठलेले हसू. कस्तुरी थांबली नाही. तिच्या माहेरी त्या ओळीत, त्या उंचीवर, फक्त आपली आणि गेलेली माणसेच लागत. हा माणूस या घराचा कोण, हे दारातच विचारणे तिला अशिष्ट वाटले. तिने हार घातला आणि खाली उदबत्तीही लावली.

रेखा हात पुसत बाहेर आली आणि भिंतीसमोर उभी राहिली.

“हा कुणी घातला?”

“मी. का आई, नको होता का? मला वाटलं, मामांचे कुणीतरी गुरू असतील.”

“असतील,” रेखा म्हणाली, आणि वडे थापायला आत गेली.

ते ज्यूलियस न्येरेरे होते, टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. सारा देश त्यांना ‘म्वालिमू’ म्हणे, म्हणजे शिक्षक. दार-एस-सलाममध्ये जन्मलेले, तिथेच गणिताचे शिक्षक झालेले दीनानाथही त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखत नव्हते.

“काका, आवाज येतोय ना?” गुरुजींनी विचारले.

दरवर्षी या जागी दीनानाथ अडखळत नसत. काश्यप गोत्र, ज्यूलियस, असे ते स्वच्छ म्हणत. ज्याचे गोत्र ठाऊक नाही, त्याला काश्यप म्हणावे, अशी रीत आहे. दूरच्या सरोवराकाठी गुरे राखत वाढलेल्या एका मुलाला काही न विचारता कश्यपाच्या घरात जागा मिळते, हे त्यांना फार मोठ्या मनाचे वाटत आले होते. आज मात्र ते नाव जिभेच्या मागे उभे होते, आणि बाहेर यायला कुणाची तरी परवानगी मागत होते.

“नाव आठवत नसेल तरी चालतं, काका. मनात आणा आणि सोडा.”

दीनानाथांनी हात कलता केला. बिननावाचे पाणी ताम्हनात पडले. त्यांना सुटल्यासारखे वाटले, आणि लगेच त्या सुटण्याचीच लाज वाटली. लहान चौकटीत रेखा खिडकीबाहेर पाहत होती. तिच्या लक्षात आले की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. गुरुजी पुढच्या नात्याकडे वळले.

रेखा या घरात यापूर्वी आली होती ती सुचेता गेली तेव्हा. एरवी बहीणभाऊ भेटत ते लग्नात, मंडळाच्या हॉलमध्ये, कागदी थाळ्या हातात धरून, गर्दीच्या आडोशाने. फोनवर वर्षातून काही वेळा बोलत. रेखाचे यजमान उदय गेले, तेव्हा दीनानाथांनी फोनवर फक्त “पोले” म्हटले होते. दुसऱ्याच्या दुःखापुढे काहीच करता येत नाही, तेव्हा स्वाहिलीत म्हणायचा हा शब्द. मराठीत त्यांना तेवढा लहान शब्द सापडला नव्हता. पलीकडून रेखाही बराच वेळ काही बोलली नव्हती, आणि तरीही तो त्या दोघांचा गेल्या कित्येक वर्षांतला सर्वांत जवळचा फोन होता.

आता रेखाचा मुलगा यतीन नोकरीसाठी सिंगापूरला निघाला होता. मेडनहेडचे घर विकले जाणार होते. रेखाला तिकडे जायचे नव्हते. राहिले दोन पर्याय: तिथल्याच वृद्धांच्या वसाहतीतला एक फ्लॅट, जिथे प्रत्येक खोलीत पडलेल्या माणसाने मदतीसाठी ओढायची लाल दोरी टांगलेली होती, किंवा दीनानाथांच्या घरातली तळमजल्याची खोली. फ्लॅटवाल्यांना उत्तर उद्या द्यायचे होते, म्हणून रेखा आज यतीनला सांगणार होती. श्राद्धाचे निमित्त होते. ती खोली पाहायला आली होती, हे तिघांनाही ठाऊक होते आणि तिघांपैकी कुणी ते बोलले नव्हते.

दीनानाथांनी त्या खोलीला स्वतः रंग दिला होता. कौन्सिलला अर्ज करून न्हाणीघरात धरायचा दांडा बसवून घेतला होता. पहाटेचा उजेड डोळ्यांवर येऊ नये, म्हणून पलंग आधी एका भिंतीला लावून पाहिला, मग दुसऱ्या. येशील का, असे मात्र ते विचारू शकले नव्हते. सुचेता गेल्यापासून ते एकटे राहत होते. घरात एकच माणूस असले की वस्तू ठेवलेल्या जागीच सापडतात. या गोष्टीचा त्यांना अलीकडे धसका बसला होता. चष्मा, किल्ली, अर्धवट वाचलेले वर्तमानपत्र, सारे काही कालच्या हाताने ठेवले तसेच. कुणीतरी आपली वस्तू हलवावी आणि आपण चिडून ती शोधावी, अशी इच्छा उतारवयात माणसाला होते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

विधी संपला. गुरुजी आशीर्वाद देऊन पडद्यावरून विझले. वाडीचे पान मागच्या अंगणातल्या विटांच्या भिंतीवर ठेवले आणि तिघे काचेआड उभे राहिले. कावळा आला नाही. बंदराच्या बाजूने एक थोराड सीगल आला, इकडेतिकडे न पाहता वडा उचलून निघून गेला.

“मामा, सीगल चालतो का?” कस्तुरीने विचारले.

“आमच्या बाबांना समुद्राचीच सवय होती. चालेल.”

“चालेल काय, पळेल,” रेखा म्हणाली. “बाबा जेवायचेही असेच. कुणाशी न बोलता, उचलून.”

तिघेही हसले. त्या हसण्याने दीनानाथांना धीर आला.

जेवणात रेखाने खिरीचे कौतुक केले, आमटीत गूळ कमी असल्याचे सांगितले. जेवल्यावर ती आपण होऊन खालच्या खोलीत गेली. दीनानाथ दाराशीच थांबले. तिने गादी तळव्याने दाबून पाहिली, खिडकी उघडून पाहिली, न्हाणीघरातला दांडा क्षणभर घट्ट धरला आणि सोडला. रंग चांगला आहे, एवढेच म्हणाली. दीनानाथांनी ते होकारासारखे मनात ठेवून दिले.

एम-फोर महामार्गाला संध्याकाळी गर्दी होते, लवकर निघायला हवे, असे कस्तुरी म्हणत होती. ती पिशव्या आवरत असताना रेखा पुन्हा भिंतीसमोर जाऊन उभी राहिली.

“आई, मी काढू का तो हार? सॉरी, मला खरंच आयडिया नव्हती.”

“राहू दे.”

दीनानाथ बोलू लागले. कुणी विचारले नसताना बोलू लागणे, ही त्यांची जुनी सवय. या विषयावर ते मंडळात बोलले होते, ब्रिस्टलच्या शाळेतल्या सहकाऱ्यांशी बोलले होते, आणि अलीकडे भिंतींशीही. कस्तुरीकडे पाहत, पण रेखाला ऐकू जाईल असे, त्यांनी सांगितले की शंभराहून अधिक जमातींना या माणसाने एक भाषा दिली. नातवंडे झालेल्या बायका संध्याकाळी झाडाखाली बसून अक्षरे गिरवीत, ते त्यांनी स्वतः पाहिले होते. आणि वेळ आली तेव्हा हा माणूस आपण होऊन खुर्चीवरून उठला. दुसरी बाजूही त्यांनी कधी लपवली नाही, आजही लपवली नाही. लोकांना नव्या गावांत बळाने हलवले, तेव्हाची छपरे उतरवलेली घरे त्यांनी ट्रकमधून जाताना पाहिली होती. खटल्याविना तुरुंगात पडलेली माणसे होती. साबणासाठी रांगा होत्या, आणि त्या रांगांमधूनच एके दिवशी ते आणि सुचेता इंग्लंडला निघाले होते. चुका झाल्या, असे तो माणूस पुढे स्वतःच म्हणाला, हेही ते सांगत.

आणि मग नेहमीचे शेवटचे वाक्य आले. “आमची इमारत सरकारनं घेतली, कस्तुरी. तरी आमच्या बाबांनी ही तसबीर आपल्या हातानं भिंतीला लावली.”

या वाक्यानंतर आजवर कुणी वाद घातला नव्हता.

वडील सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढीत. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारती कागदावर उभ्या करून झाल्यावर त्यांनी दार-एस-सलामच्या उपांगा भागात स्वतःची दुमजली इमारत बांधली. खाली भाडेकरू, वर आपण, मधल्या जिन्याला पितळी कठडा. एकाहत्तर साली भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती सरकारजमा झाल्या आणि वडील आपल्याच घरात सरकारचे भाडेकरू झाले. चोवीस वर्षांचे दीनानाथ तेव्हा दूर टबोऱ्याच्या शाळेत शिकवत होते. धावत घरी आले, आणि जेवताना म्हणाले की कायदा न्याय्य आहे. वडील अर्ध्या पानावरून उठले, हात धुतले आणि बाहेर गेले. वर्षअखेरच्या सुट्टीत दीनानाथ पुन्हा आले, तेव्हा बैठकीच्या भिंतीवर म्वालिमूंची मोठी नवी तसबीर होती. बापलेकांत त्यावर एक शब्द झाला नाही. दीनानाथांनी ती तसबीर हेच वडिलांचे उत्तर मानले. दोन वर्षांनी वडील गेले, तेव्हा घरातली तेवढीच एक वस्तू त्यांनी मागून घेतली होती.

“दादा,” रेखा म्हणाली, “बाबांनी ती कुठल्या भिंतीला लावली होती, आठवतं?”

“दारासमोरच्या.”

“आणि बाबांची खुर्ची?”

“खिडकीकडे तोंड करून. समुद्राचा वारा यायचा.”

“वारा पहिल्यापासूनच यायचा. खुर्ची पहिल्यापासून तशी नव्हती. तसबीर लावली, त्याच दिवशी त्यांनी ती फिरवली. तसबिरीकडे पाठ करून.”

रेखा शांतपणे, जणू कुणा दुसऱ्याच्या घरातले सांगावे तसे, सांगत राहिली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. घरात कोण कोण राहते, किती खोल्या वापरते, ते पाहायला सरकारी माणूस येणार, अशी बातमी होती. शेजारची दोन कुटुंबे रातोरात भारतात निघून गेली होती. बाबा तिला घेऊन फ्रेमवाल्याकडे गेले आणि सर्वांत मोठी तसबीर मागितली. या महिन्यात सगळ्यांना मोठीच हवी आहे, असे म्हणून फ्रेमवाला हसला. बाबाही त्याच्याबरोबर हसले. घरी येताना त्यांनी ती कागदात गुंडाळू दिली नाही. चित्राची बाजू बाहेर धरून, साऱ्या रस्त्याला दिसेल अशी, छातीशी धरून ते चालत आले.

“जिना चढून येणाऱ्याला पहिल्यांदा तीच दिसावी म्हणून ती तिथं लावली. भीतीनं लावली, दादा.”

“तू हे कधी सांगितलं नाहीस.”

“तू कधी विचारलं नाहीस. तू शिकवत होतास.”

कस्तुरी हातात पिशवी धरून तशीच उभी होती. बाहेर कुणाच्या तरी गाडीचे दार लागले.

“पुढे काय झालं, ते मला नाही माहीत,” रेखा म्हणाली. “रोज सकाळी काच पुसायचे. जिन्याचा कठडाही पुसायचे, तोही त्यांचा राहिला नव्हता. मनातून भीती गेली असेल, नसेल. मला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.”

दीनानाथ खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. त्यांना एकदम नव्व्याण्णव सालचा ऑक्टोबर आठवला. म्वालिमू लंडनच्या रुग्णालयात अखेरचे दिवस मोजत होते, आणि दीनानाथ ब्रिस्टलहून कोचने जाऊन थेम्सच्या पलीकडच्या काठावर उभे राहिले होते. नदीपार असंख्य खिडक्या होत्या. त्यांतली त्यांची कुठली, ते ठाऊक नव्हते. नदी आपल्याच ओझ्याने वाहत होती. आत जाण्याची त्यांनी खटपटही केली नाही. एक निरोप मात्र मनात घेऊन ते गेले होते: माझ्या वडिलांनी तुम्हाला क्षमा केली आहे. काठावर वारा सुटेपर्यंत उभे राहून ते परतले, आणि निरोप पोचला असे समजले. आता तो निरोपच कुणी दिलेला नव्हता. त्या काठावर उभा असलेला माणूस त्यांना फार दूरचा दिसला. त्याला हाक मारावी असे वाटले, आणि काय म्हणून मारावी ते सुचेना.

ते भिंतीपाशी गेले आणि दोन्ही हात वर करून त्यांनी तसबिरीची चौकट धरली.

“काढतो. वरच्या खोलीत ठेवतो.”

“माझ्यासाठी?”

“तू इथे राहायला येणार असशील, तर...” एवढे महिने न बोललेले वाक्य असे अर्धेच बाहेर आले.

“म्हणजे पुन्हा तेच, दादा. कुणीतरी येणार, म्हणून भिंत बदलायची.” रेखाने त्यांच्या कोपराला हात लावला आणि त्यांचे हात हळूच खाली आणले. हार थोडा हलला आणि थांबला. “मला घाबरून काढू नकोस. मला घाबरून ठेवूही नकोस. आणि मघाशी नाव गिळलंस ना, तसं तर अजिबात नको.”

म्हणजे तिच्या लक्षात आले होते.

“मला त्या फ्लॅटमध्ये जायचं नाही,” ती म्हणाली. “लाल दोरी पाहिली आणि मी तशीच बाहेर आले. इथं यायचंय. पण कुणी काही बोलत नाही आणि भिंतीकडे बघून अंदाज बांधायचे, असल्या घरात मी एकदा राहिलेय. पुन्हा नाही राहणार. म्हणून एकच विचारते. बाबांना मध्ये न आणता सांग. त्यांनी माफ केलं, लावली, पुसली, ते सगळं बाजूला ठेव. तुझ्यापुरतं सांग. हा माणूस चांगला होता का?”

“रेखा, असं एका शब्दात...”

“दहा शब्दांत सांग. हो म्हणालास तरी मी येईन, नाही म्हणालास तरी येईन. माहीत नाही म्हणालास तरी येईन. पण उत्तर तुझं असू दे.”

दीनानाथांनी तसबिरीकडे पाहिले. अक्षरे गिरवणाऱ्या बायका आल्या, छपरे नसलेली घरे आली, रांगेतली सुचेता आली, दोन्ही हातांनी पोटाशी पिशवी धरलेली. सारे ओळखीचे होते, सारे खरे होते, आणि काहीच कशाला जोडले जात नव्हते. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला आपल्या वहीत काय झाले होते, ते दिसले. वर्गातली काही मुले पुस्तकामागचे उत्तर आधी पाहतात आणि मग पायऱ्या रचत त्याच्यापर्यंत येतात. अशा मुलांना ते लगेच पकडत असत. मागचे पान फाटले की ती मुले पाटीकडे नुसती बघत राहतात.

खुर्चीत टेकलेली कस्तुरी हातातल्या किल्ल्यांचा आवाज होऊ नये म्हणून त्या मुठीत धरून होती. खालच्या खोलीचे दार उघडेच होते. नवा पलंग, नवी चादर, रिकामी खिडकी इथून दिसत होती.

“दादा?”

चौरंगाशी ताम्हन तसेच राहिले होते, तर्पणाच्या पाण्याने भरलेले. ते झाडाच्या मुळाशी सोडायचे असते. दीनानाथ वाकले. गुडघ्यावर हात टेकून, वेळ घेत, त्यांनी ते दोन्ही हातांनी उचलले. पाण्यावर काळे तीळ तरंगत होते, कुठले कुणाच्या नावाचे ते आता कुणाला सांगता आले नसते. एक थेंबही सांडू नये, म्हणून त्यांनी नजर पाण्यावर ठेवली. कस्तुरीने पुढे होऊन मागचे दार उघडले.

“दादा, काहीतरी बोल,” रेखा म्हणाली.

ते एकेक पायरी उतरत अंगणात गेले, सीगलने विस्कटलेल्या पानावरून पुढे, सफरचंदाच्या झाडाकडे, आणि त्यांनी मागे वळून पाहिले नाही.